‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ हा संदेश पुन्हा पुन्हा येतो तेव्हा: लिनक्स संगणकावर करायच्या तपासण्या

कामाच्या लॅपटॉपवर, घरी अखंड चालू असलेल्या छोट्या सर्व्हरवर आणि सहकाऱ्यांच्या यंत्रांवर मी हा बिघाड अनेकदा दुरुस्त केला आहे आणि त्यातून तपासणीचा एक क्रम माझ्यापुरता ठरून गेला आहे. तो इथे कारणांसह मांडतो. या संदेशाने घाबरून बहुतेक जण सर्वांत आधी मोठ्या फाइली पुसायला घेतात. त्याने दोन दिवस निभावतात, परंतु जागा कोणी खाल्ली याचा पुरावाही त्या फाइलींबरोबर जातो आणि आठवड्याभरात तोच संदेश परत दिसतो. म्हणून काहीही पुसण्याआधी मोजावे, हा माझा आग्रह आहे.

लक्षणे

टर्मिनलमध्ये किंवा लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम आपल्या नोंदी लिहितात त्या फाइलीत, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हे शब्द दिसणे हे सर्वांत उघड लक्षण होय. लिनक्समध्ये या चुकीचा क्रमांक २८ आहे आणि तिचे अंतर्गत नाव ‘ईएनओएसपीसी’ असे आहे. एखाद्या प्रोग्रामने पूर्ण संदेश न देता केवळ हा क्रमांक किंवा हे नाव छापले, तरी अर्थ तोच असतो.

पुष्कळदा मात्र हे शब्द कुठेच दिसत नाहीत आणि बिघाड वेगळ्या रूपात समोर येतो. कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचे काम, म्हणजे बिल्ड, अर्ध्यावर थांबते, कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट कमिट करण्यास नकार देते, पॅकेज अद्ययावत करताना काम मध्येच तुटते आणि नंतर काही पॅकेजे धड बसलेली नाहीत अशी तक्रार येते. टर्मिनलमध्ये टॅब दाबल्यावर तिथला आज्ञा वाचणारा प्रोग्राम ‘बॅश’ तात्पुरती फाइल तयार करता येत नसल्याचे सांगते. पासवर्ड बरोबर असूनही डेस्कटॉप उघडत नाही आणि लॉगिनचाच पडदा पुन्हा येतो, कारण लॉगिन होताना होम फोल्डरमध्ये काही छोट्या फाइली लिहाव्या लागतात. डेटाबेस आपणहून बंद पडतो. एखाद्या प्रोग्रामची सेटिंगची फाइल शून्य बाइटची होऊन बसते. यंत्र रीस्टार्ट केल्यावर काही दिवस सर्व सुरळीत चालते आणि मग तेच सुरू होते, हे लक्षण आढळल्यास ते लिहून ठेवावे. पुढे त्याचा मोठा उपयोग होतो.

तपासणी सुरू करण्याआधी एक खबरदारी अवश्य घ्यावी. एडिटरमध्ये न जतन केलेले काम उघडे असेल, तर ते त्याच जागी जतन करू नये, पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर जतन करावे. अनेक प्रोग्राम जतन करताना जुनी फाइल आधी रिकामी करतात आणि मग नवा मजकूर लिहितात. जागा नसेल तर जुना मजकूर गेलेला असतो आणि नवा उतरलेला नसतो.

पहिली तपासणी: नेमके कोणते पार्टिशन भरले आहे

वापरलेली आणि मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ -एच’ ही कमांड चालवावी. एका डिस्कवर अनेक पार्टिशने, म्हणजे वेगळे केलेले भाग, असू शकतात आणि संदेशातील ‘डिव्हाइस’ हा शब्द त्यांपैकी एकालाच उद्देशून असतो. होम फोल्डरमध्ये शेकडो जीबी मोकळे असताना ‘/बूट’ भरल्यामुळे अद्ययावतीकरण अडते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तिथे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, जुन्या आवृत्त्या साठत जातात. त्या हाताने न पुसता पॅकेज व्यवस्थापकाच्या ‘ऑटोरिमूव्ह’ सुविधेने काढाव्यात, आणि सध्या चालू असलेले कर्नल कोणते हे ‘यूनेम -आर’ने आधी पाहून घ्यावे, कारण तेच गेले तर पुढच्या वेळी यंत्र सुरू होण्याचीच पंचाईत होईल.

‘/टीएमपी’ भरलेले दिसले, तर ते डिस्कवर आहे की मेमरीत, हे त्याच यादीत पाहावे. त्या ओळीत ‘टीएमपीएफएस’ असे लिहिले असेल, तर ती जागा रॅममधील असते आणि वेगळी मर्यादा घातलेली नसल्यास ती एकूण रॅमच्या निम्मी असते. अशा वेळी डिस्कवरील फाइली कितीही पुसल्या तरी काहीही फरक पडत नाही. रीस्टार्टनंतर बिघाड काही काळ नाहीसा होण्याचे हे एक कारण आहे.

या यादीत अनेकांना बुचकळ्यात टाकणारी एक गोष्ट दिसते: वापरलेली जागा एकूण जागेपेक्षा बरीच कमी असते, तरीही शिल्लक शून्य आणि वापर १०० टक्के दाखवला जातो. पार्टिशनवर फाइली मांडण्याची व्यवस्था म्हणजे फाइल सिस्टीम. तिचा ‘एक्स्ट४’ हा प्रकार तयार होतानाच ५ टक्के जागा सर्वाधिकार असलेल्या मूळ वापरकर्त्यासाठी, म्हणजे ‘रूट’साठी, राखून ठेवली जाते. सामान्य वापरकर्त्याने डिस्क भरून टाकली तरी व्यवस्थेच्या आवश्यक सेवा चालू राहाव्यात आणि फाइलींचे तुकडे फार होऊ नयेत, असा त्यामागचा हेतू आहे. १ टीबीच्या डिस्कवर ही राखीव जागा सुमारे ५० जीबी होते. केवळ फोटो, व्हिडिओ किंवा बॅकअप ठेवण्यासाठी वेगळी डिस्क असेल, तर ‘ट्यून२एफएस -एम १’ ही कमांड त्या पार्टिशनवर चालवून हे प्रमाण १ टक्क्यावर आणता येते. ज्या पार्टिशनवर लिनक्स स्वतः बसवलेले आहे तिथे मात्र मी या राखीव जागेला हात लावत नाही. सर्व काही भरल्यावर यंत्रात शिरून दुरुस्ती करण्यासाठी तीच उपयोगी पडते.

दुसरी तपासणी: आयनोड

‘डीएफ -आय’ चालवायला तितकाच वेळ लागतो आणि तरीही ही तपासणी सर्रास वगळली जाते. प्रत्येक फाइलीला, ती एका बाइटची असो की दहा जीबीची, एक आयनोड लागतो. मालक, परवानग्या, तारखा आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे ही माहिती त्यात असते. एक्स्ट४मध्ये आयनोडची संख्या फाइल सिस्टीम तयार करतानाच ठरते. सर्वसाधारणपणे प्रत्येक १६ केबी जागेमागे एक आयनोड मिळतो, म्हणजे १०० जीबीच्या पार्टिशनवर सुमारे ६५ लाख. हा आकडा मोठा वाटतो, परंतु जावास्क्रिप्टच्या प्रत्येक प्रकल्पातील ‘नोड मॉड्यूल्स’ हे फोल्डर, वेबसाइटच्या सेशन फाइली आणि कॅशचे बारीक तुकडे मिळून तो संपू शकतो आणि मग डिस्क निम्मी रिकामी असतानाही नवी फाइल तयार होत नाही.

आयनोडचा वापर १०० टक्के दिसल्यास फोल्डरांची मोजणी करणाऱ्या ‘डीयू’ कमांडला ‘--आयनोड्स’ हा पर्याय देऊन कोणत्या फोल्डरमध्ये सर्वाधिक फाइली आहेत ते शोधावे. लाखो फाइली एकदम पुसताना ‘आरएम’ या पुसण्याच्या कमांडला तारांकित नाव दिले तर शब्दांची यादी फार लांब झाल्याची चूक येते, त्याऐवजी ‘फाइंड’ कमांडचा ‘-डिलीट’ पर्याय वापरावा. त्याआधी तीच कमांड ‘-डिलीट’शिवाय चालवून यादी डोळ्यांखालून घालावी. एक्स्ट४मध्ये आहे त्याच आकाराच्या पार्टिशनवर आयनोड नंतर वाढवता येत नाहीत. बारीक फाइलींचा पसारा हा कामाचाच भाग असेल, तर पुढच्या वेळी फाइल सिस्टीम तयार करताना प्रमाण बदलावे किंवा गरजेप्रमाणे आयनोड तयार करणारी एक्सएफएस ही फाइल सिस्टीम निवडावी.

दोन्ही आकडे व्यवस्थित असूनही संदेश येत असेल तर

जागाही आहे, आयनोडही आहेत आणि तक्रार केवळ कोड एडिटर किंवा डेव्हलपमेंट सर्व्हर करत आहे, अशी स्थिती असेल तर डिस्कचा शोध तिथेच थांबवावा. फाइली बदलल्या की लगेच कळावे म्हणून हे प्रोग्राम कर्नलकडे ‘आयनोटिफाय’ नावाच्या सुविधेतून प्रत्येक फोल्डरवर पहारा मागतात. या पहाऱ्यांच्या संख्येला मर्यादा असते आणि ती ओलांडली की कर्नल तीच २८ क्रमांकाची चूक परत करते. चुकीसाठी निवडलेला क्रमांक दिशाभूल करणारा आहे आणि त्यापायी लोक निष्कारण फाइली पुसतात, याचे मला वाईट वाटते.

जुन्या कर्नलमध्ये ही मर्यादा प्रत्येक वापरकर्त्यामागे ८,१९२ होती. २०२१ साली आलेल्या ५.११ या आवृत्तीपासून ती उपलब्ध मेमरीच्या प्रमाणात ठरते. ‘सिसकंट्रोल’ या कर्नलच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्स यूजर वॉचेस’ ही किंमत ५,२४,२८८ पर्यंत वाढवणे ही रूढ दुरुस्ती आहे. प्रत्येक पहाऱ्याला ६४-बिट यंत्रावर साधारण १ केबी मेमरी लागते, हे ध्यानात ठेवून कमी रॅमच्या यंत्रावर बेताने वाढवावे. त्याच वेळी एडिटरच्या सेटिंगमध्ये ‘नोड मॉड्यूल्स’ आणि बिल्डचे फोल्डर पहाऱ्यातून वगळले, तर मर्यादा वाढवण्याची गरजही बहुधा उरत नाही.

तिसरी तपासणी: जागा खाणारे नेहमीचे फोल्डर

पहिल्या तपासणीत पार्टिशन भरलेले दिसले असेल, तर डिस्क खरोखरच भरली आहे हे निश्चित झाले. ‘डीयू’ ही कमांड ‘-एक्स’ पर्यायासह मूळ फोल्डरवर, आणि ‘रूट’च्या अधिकारानेच, चालवावी. ‘-एक्स’मुळे मोजणी एकाच फाइल सिस्टीममध्ये राहते आणि जोडलेल्या बॅकअप डिस्कचा आकार त्यात मिसळत नाही, अधिकार नसल्यास बंद फोल्डर मोजलेच जात नाहीत आणि बेरीज चुकीची येते. आकडे वाचण्यापेक्षा यादीत खालीवर फिरत पाहणे सोपे वाटत असेल, तर ‘एनसीडीयू’ हे साधन उत्तम आहे.

यंत्रावरील सेवा चालवणाऱ्या सिस्टीमडीचा जर्नल, म्हणजे त्याचा लॉग, बहुतेक यंत्रांवर सापडतो. मर्यादा घातलेली नसेल तर तो पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंत, आणि जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत, वाढू शकतो. मोठ्या डिस्कवर याने काही बिघडत नाही, परंतु ३२ जीबीच्या छोट्या सर्व्हरवर ३ जीबी ही बरीच जागा आहे. ‘जर्नलसीटीएल’चा ‘--व्हॅक्यूम-साइझ’ पर्याय जुना भाग काढून टाकतो, मात्र तो सध्या लिहिली जात असलेली फाइल सोडून देतो, म्हणून त्याआधी ‘--रोटेट’ द्यावे. कायमची मर्यादा ‘सिस्टीम मॅक्स यूज’ या सेटिंगने घालावी.

प्रोग्राम वेगळ्या डब्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे डॉकर वापरत असाल तर ‘डॉकर सिस्टीम डीएफ’ ही कमांड इमेज (कंटेनर ज्यावरून तयार होतात ते साचे), कंटेनर, व्हॉल्यूम (कंटेनरचा मजकूर साठवण्याची जागा) आणि बिल्ड कॅश यांचा हिशेब वेगवेगळा दाखवते. बिल्ड कॅश आणि न वापरलेल्या इमेज निर्धास्तपणे काढता येतात. व्हॉल्यूमच्या बाबतीत मात्र हात आवरावा, कारण डेटाबेसचा खरा मजकूर तिथेच असतो. व्हॉल्यूम पुसणारे पर्याय मी कधीही घाईत चालवत नाही. आणखी एक गोष्ट या यादीत ठळकपणे दिसत नाही. प्रत्येक कंटेनरचा लॉग डॉकर मुळातल्या सेटिंगनुसार एका जेसन फाइलीत लिहीत राहतो आणि त्या फाइलीला आकाराची मर्यादाच नसते. ‘मॅक्स-साइझ’ आणि ‘मॅक्स-फाइल’ या दोन सेटिंगनी ती घालता येते, परंतु ती नव्याने तयार केलेल्या कंटेनरनाच लागू होते. सेटिंग बदलूनही जुना कंटेनर डिस्क भरतच राहतो तो यामुळेच. तो काढून पुन्हा तयार करावा लागतो.

पॅकेजांची कॅश, कचरापेटी आणि जुन्या प्रकल्पांतील बिल्ड यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ते पुसावे आणि पुढे जावे.

चौथी तपासणी: ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ यांचे जमत नाही

या टप्प्यावर खरा गुंता सुटू लागतो. ‘डीएफ’ फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या नोंदीतून भरलेली जागा सांगते, तर ‘डीयू’ फोल्डरमागून फोल्डर फिरून नाव असलेल्या फाइलींची बेरीज करते. दोन्ही आकड्यांत थोडा फरक असतोच. पण ‘डीएफ’ ९० जीबी भरले म्हणत असेल आणि ‘डीयू’ची बेरीज ४० जीबी येत असेल, तर उरलेले ५० जीबी नाव नसलेल्या किंवा नजरेआड गेलेल्या फाइलींमध्ये आहेत.

नाव नसलेली फाइल कशी असते, हे समजून घेण्यासारखे आहे. लिनक्समध्ये फाइलीचे नाव म्हणजे आयनोडकडे नेणारी केवळ एक नोंद असते. फाइल पुसल्यावर ती नोंद जाते. परंतु एखाद्या प्रोसेसने, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामने, ती फाइल उघडी ठेवली असेल, तर मजकुराची जागा ती प्रोसेस फाइल बंद करेपर्यंत परत मिळत नाही. एखाद्याने ४० जीबीचा लॉग पुसला, सेवा मात्र चालूच राहिली, तर ती सेवा त्याच अदृश्य फाइलीत लिहीत राहते आणि डिस्क भरतच जाते. रीस्टार्टनंतर ‘आपोआप’ जागा मोकळी होते ती याच कारणाने.

‘एलएसओएफ +एल१’ ही कमांड अशा पुसलेल्या पण उघड्या फाइलींची यादी आकारासह देते. ज्या सेवेचे नाव दिसेल ती रीस्टार्ट केली की जागा लगेच मोकळी होते. सेवा बंद करणे शक्यच नसेल, तर ‘/प्रॉक’मधील त्या प्रोसेसच्या ‘एफडी’ फोल्डरमधून ती फाइल शून्य आकाराची करता येते. मात्र हे फक्त लॉगच्या बाबतीत करावे, डेटाबेसच्या फाइलींवर कधीही नाही.

पुन्हा असे होऊ नये यासाठी चालू लॉग ‘आरएम’ने पुसण्याऐवजी ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामा करावा. याचाही एक अपवाद सांगतो. प्रोग्रामने फाइल ‘शेवटी जोडत जा’ या पद्धतीने उघडलेली नसेल, तर रिकामी केल्यावरही तो आपल्या जुन्या जागेपासूनच पुढे लिहितो. मग ‘एलएस’मध्ये फाइल पूर्वीइतकीच मोठी दिसते, पण मधला भाग पोकळ असतो आणि ‘डीयू’ खरा, लहान आकार दाखवते. ते पाहून पुन्हा पुसापुशी करू नये. जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणाऱ्या ‘लॉगरोटेट’च्या सेटिंगमध्ये फाइल बदलल्यानंतर सेवेला तसा संकेत दिला जातो की नाही हे तपासणे, ही मूळ दुरुस्ती आहे.

‘एलएसओएफ’ची यादी रिकामी आली, तर दुसरी शक्यता म्हणजे माउंट केलेल्या, म्हणजे एखाद्या फोल्डरवर जोडलेल्या, डिस्कखाली दडलेल्या फाइली. याने मला एकदा फार दमवले होते. घरच्या सर्व्हरवर रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप जात असे. एका रात्री ती डिस्क जोडली गेलीच नाही. स्क्रिप्टने मात्र त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच, बॅकअप लिहिला. दुसऱ्या दिवशी डिस्क पुन्हा जोडली गेली आणि तो सगळा मजकूर तिच्याखाली झाकला गेला. नंतर त्या फोल्डरमध्ये डोकावले की डिस्कवरील फाइलीच दिसत, त्याखालच्या कधीच नाहीत. अशा वेळी मूळ फाइल सिस्टीम ‘माउंट --बाइंड’ने दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर जोडावी आणि तिथे ‘डीयू’ चालवावी; त्या दृश्यात वरचे माउंट नसतात, त्यामुळे झाकलेले सर्व उघडे पडते. त्यानंतर मी स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट’ कमांडने डिस्क जोडलेली आहे का हे तपासणारी ओळ घातली आणि ती त्रुटी पुन्हा आली नाही.

बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम वापरत असाल तर स्नॅपशॉट, म्हणजे एखाद्या क्षणी जपून ठेवलेल्या स्थिती, पाहावेत. फाइल पुसली तरी स्नॅपशॉटमध्ये ती असेपर्यंत जागा सुटत नाही.

पाचवी तपासणी: कोण आणि किती वेगाने लिहीत आहे

एवढे करूनही दर काही दिवसांनी डिस्क भरत असेल, तर एका दिवसाचा हिशेब पुरत नाही. रोज ठरलेल्या वेळी ‘डीएफ’चे दोन्ही प्रकार आणि ‘डीयू’ची दोन पातळ्यांपर्यंतची यादी तारखेसह दुसऱ्या डिस्कवरील फाइलीत लिहिणारे छोटे काम ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या ‘क्रॉन’मध्ये लावावे. आठवड्यानंतर दोन दिवसांच्या यादींची तुलना केली की वाढणारे फोल्डर समोर येते. वाढ रोज सारखी असेल तर बहुधा लॉग किंवा कॅश असते. एकाच रात्रीत मोठी उडी असेल तर बॅकअप, क्रॅश डंप किंवा चुकीच्या चक्रात अडकलेला प्रोग्राम. वेळखाऊ असली तरी या तपासणीने मला जितकी कायमची दुरुस्ती मिळवून दिली, तितकी अन्य कोणत्याही तपासणीने दिली नाही.

डेटाबेसचे फोल्डर वाढताना दिसले तर तिथे हाताने काहीही पुसू नये. पोस्टग्रेस या डेटाबेसमधील ‘पीजी वॉल’ या फोल्डरमध्ये डेटाबेसमधील बदलांच्या आवश्यक नोंदी असतात. ते पूर्वी ‘पीजी एक्सलॉग’ या नावाचे होते. नावात ‘लॉग’ पाहून लोक ते साधे लॉग समजून पुसत आणि डेटाबेस गमावत, म्हणून २०१७ साली आलेल्या १० व्या आवृत्तीत ते नाव बदलण्यात आले. तिथे फाइली साठण्याचे कारण बहुधा बंद पडलेला रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरला बदल पोहोचेपर्यंत फाइली राखणारी नोंद) किंवा अयशस्वी होत असलेली आर्काइव्ह कमांड (या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणारी) हे असते. ते दूर केले की डेटाबेस स्वतःच जुन्या फाइली काढतो. मायएसक्यूएलच्या बायनरी लॉगसाठीही डेटाबेसचीच ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ ही आज्ञा वापरावी.

कुठे थांबावे आणि तज्ज्ञाला बोलवावे

कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये ‘आय/ओ एरर’, म्हणजे डिस्क वाचता-लिहिता न येण्याची चूक, दिसत असेल किंवा फाइल सिस्टीम अचानक केवळ वाचण्यापुरती, म्हणजे ‘रीड-ओन्ली’, झाली असेल, तर हा जागेचा प्रश्न राहिलेला नाही. ‘स्मार्टसीटीएल’ने डिस्कची प्रकृती पाहावी, बदललेले किंवा प्रलंबित सेक्टर, म्हणजे डिस्कचे खराब झालेले किंवा संशयास्पद तुकडे, वाढत असतील, डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा ती मधूनच दिसेनाशी होत असेल, तर यंत्र बंद करावे. अशा डिस्कवर फाइल सिस्टीम दुरुस्त करणाऱ्या ‘एफएससीके’ने दुरुस्ती चालवू नये, कारण त्यात डिस्कवर आणखी लिहिले जाते आणि उरलेला मजकूरही हातचा जाऊ शकतो. चांगल्या डिस्कवरसुद्धा ‘एफएससीके’ माउंट केलेल्या स्थितीत चालवायचे नसते.

मजकुराची दुसरी प्रत नसेल आणि तो महत्त्वाचा असेल, तर आवाज करणारी डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच द्यावी. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्याने नुकसान वाढते. डिस्क आवाज करत नसेल आणि ‘डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर प्रत घेण्याचा अनुभव असेल, तर आधी प्रत घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. डिस्क भरल्यानंतर डेटाबेस सुरूच होत नसेल, तर त्याच्या फोल्डरची जशीच्या तशी प्रत काढून ठेवावी आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या व्यक्तीला बोलवावे. पार्टिशनचा आकार बदलण्याची वेळ आली आणि बॅकअप नसेल, तर तिथेही मी थांबतो.

तज्ज्ञाला बोलवताना ‘डीएफ -एच’ आणि ‘डीएफ -आय’ यांची उत्तरे, ‘डीमेसेज’मधील शेवटच्या शंभर ओळी आणि आतापर्यंत आपण काय काय पुसले याची प्रामाणिक यादी सोबत द्यावी. ही सर्व माहिती त्या बिघडलेल्या डिस्कवर लिहू नये; फोनने पडद्याचा फोटो काढला तरी पुरतो.